आठ माइकचं गाणं दोन कानांत: मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर अभंग मिक्स करताना

आठ इनपुटचा डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर आता एखाद्या भजनी मंडळालाही वर्गणीतून झेपतो. पिशवीत मावतो, मेमरी कार्डवर रेकॉर्ड करतो आणि लॅपटॉप नसला तरी तिथल्या तिथे मिक्स करून स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन बाजूंची, फाइल हातात देतो. सांगली, मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यात अभंगवाणीचे कार्यक्रम वर्षभर चालू असतात, आणि ते रेकॉर्ड करून ठेवावेत असं प्रत्येक मंडळाला वाटतं. पण ते रेकॉर्डिंग नंतर ऐकलं की तक्रार ठरलेली असते: शब्द कळत नाहीत, टाळ मात्र कानात घुसतात. मग नवा माइक घ्यायची चर्चा सुरू होते. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा माइकचा काही दोष नसतो. आठ आवाज दोन बाजूंत बसवताना कोणाला कुठे जागा द्यायची हे कोणी ठरवलेलंच नसतं, आणि ते ठरवायची वेळ मिक्सिंगच्या बरीच आधी येऊन गेलेली असते.

यंत्र दोन वेगळी कामं करतं, तेवढं आधी पक्कं समजून घेऊ. पहिलं काम साठवण्याचं. प्रत्येक माइकचा आवाज आपापल्या ट्रॅकवर, एकमेकांत न मिसळता जातो. दुसरं काम या सगळ्या ट्रॅकची डावी आणि उजवी अशा दोनच बाजूंत मांडणी करण्याचं. पहिलं काम कार्यक्रमाच्या वेळी होतं आणि ते परत करता येत नाही. दुसरं नंतर निवांत बसून कितीही वेळा करता येतं. काही यंत्रांत रेकॉर्ड करतानाच सगळं एका स्टिरिओ ट्रॅकवर घ्यायची सोय असते. घाईत ती बरी वाटते, पण त्यात पखवाज एकदा जास्त झाला की कायमचा जास्त. जितके ट्रॅक सुटे घेता येतील तितके सुटे घ्या.

ही चैन फार जुनी नाही. मिरजेत राहिलेल्या आणि १९३७ साली गेलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका झाल्या तेव्हा माइकच नव्हता. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ पासून आलं. त्याआधी एकाच भोंग्यासमोर सगळे बसत आणि कोणी भोंग्याजवळ बसायचं, कोणी लांब, हेच सगळं मिक्सिंग. पुढे १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक देणारा पोर्टास्टुडिओ काढला आणि घरात बसून मिक्सिंग करता येऊ लागलं. पण तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुढचं रेकॉर्ड करायचं. उतरवलेलं पुन्हा सुटं होत नसे. आज आठ ट्रॅक अखेरपर्यंत सुटे राहतात. तरी त्या भोंग्याच्या काळातली बसण्याची अक्कल आजही तितकीच कामाची आहे, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आधी गेन आणि फेडर. या दोघांतला गोंधळ मिटला की निम्मं काम झालं. गेन म्हणजे माइकमधून आलेला बारीक सिग्नल यंत्राने किती मोठा करून घ्यायचा ते ठरवणारं बटण. ते ट्रॅकच्या आधी असतं. फेडर म्हणजे खालची वर-खाली सरकणारी पट्टी. बहुतेक रेकॉर्डरमध्ये ती ट्रॅकच्या नंतर असते. म्हणजे फेडर खाली ओढून हेडफोनमध्ये टाळ कमी ऐकू आले तरी कार्डावर ते होते तसेच जात असतात. उलट, गेन जास्त ठेवून आवाज फाटला तर नंतर फेडर कितीही खाली घ्या, तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि डिजिटल यंत्रात शून्य डेसिबल हे छत आहे. आवाजाची लाट त्याच्या वर जाऊच शकत नाही. उसाचं वाढं छाटावं तसा तिचा माथा सपाट होतो. यालाच क्लिप होणं म्हणतात आणि कानाला ते चरचरल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून गेन लावताना सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. इतकं खाली ठेवलं तर रेकॉर्डिंग कमजोर होईल अशी भीती वाटते, ती कॅसेटच्या जमान्यातली आहे. तेव्हा आवाज हळू घेतला की टेपची सरसर वर यायची. बिट म्हणजे यंत्र आवाज किती बारीक पायऱ्यांत मोजतं ते. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर कागदावर १४४ डेसिबलचं असतं, १६ बिटमध्ये ९६ चं. बारा डेसिबल मोकळे सोडले तरी काही बिघडत नाही. यंत्रात २४ बिटची सोय असेल तर तीच निवडा. जागा थोडी जास्त लागते, ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेताना, एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ८ एमबी. आठ ट्रॅकचा दोन तासांचा कार्यक्रम साडेसात जीबीच्या आसपास जातो. ३२ जीबीचं कार्ड असलं की चिंता नाही.

गेन लावायची वेळही महत्त्वाची. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणून गेन लागत नाही. गायिकेला तार सप्तकातली एखादी जागा पूर्ण आवाजात घ्यायला सांगा, तबलेवाल्यांना लग्गी वाजवायला सांगा, टाळकऱ्यांना गजर करायला सांगा. आणि त्यावरही दोन-तीन डेसिबल मोकळे ठेवा, कारण समोर माणसं बसली की सगळेच चढून गातात-वाजवतात. कंडेन्सर प्रकारच्या माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे यंत्राकडून माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागते; अनेक रेकॉर्डरमध्ये ती ठरावीक इनपुटलाच मिळते, तेव्हा कोणता माइक कुठे लावायचा हे आधीच बघून ठेवा.

आता बैठक. आठ इनपुट मी साधारण असे वाटतो: मुख्य गायिका, पेटी, तबला, डग्गा, पखवाज, टाळ, तानपुरा आणि मागची साथ. गाण्याचा माइक बहुतेक कार्डिऑइड असतो. म्हणजे तो समोरचं पूर्ण ऐकतो, बाजूचं सुमारे सहा डेसिबल कमी आणि पाठीमागचं जवळजवळ ऐकतच नाही. पण माइकचं ‘समोर’ म्हणजे काय? माइकचं तोंड गायिकेकडे असतं. म्हणजे गायिकेच्या पाठीमागे जो कोणी आहे तो माइकच्या अगदी समोर आला! आपल्याकडे टाळकरी उभे राहतात ते नेमके तिथेच, गाणाऱ्याच्या मागे ओळीने. ते टाळ सरळ गायिकेच्या ट्रॅकवर जाऊन बसतात. मग मिक्सिंगच्या वेळी टाळेचा फेडर पूर्ण खाली केला तरी टाळ वाजतच राहतात, आणि गायिका वर घेतली की टाळही तिच्याबरोबर वर येतात. याला कुठलंच बटण पुरं पडत नाही. टाळकऱ्यांना मागून काढून दोन्ही बाजूंना, थोडं पुढच्या अंगाला उभं करा. एवढ्या एका गोष्टीने शब्द जितके स्वच्छ होतात तितके महाग माइक घेऊनही होत नाहीत. मंडळातली ज्येष्ठ मंडळी जागा बदलायला आधी कुरकुर करतात, पण एकदा दोन्ही तऱ्हेची रेकॉर्डिंग्ज शेजारी शेजारी ऐकवली की पुढच्या वेळी आपणहून बाजूला जाऊन उभी राहतात.

पेटीचा माइक पट्ट्यांच्या फार जवळ नेला तर पट्ट्यांची खटखट येते, भात्याच्या जवळ नेला तर भात्याची हवा. हात-दीड हात अंतरावर, थोडा वरून ठेवलेला बरा. तानपुऱ्याचा माइक भोपळ्याकडे नको, घोडीच्या बाजूला एखाद फुटावर हवा. मिरजेच्या तानपुऱ्याचं, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळं वैभव जवारीत असतं. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो दोरा नेमक्या जागी बसला की एका तारेतून स्वरांचा पंखा उघडतो. तो पंखा मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांचा आहे, बारीक आणि नाजूक. माइक लांब पडला तर पखवाजाच्या गदारोळात तो सगळ्यात आधी हरवतो.

रेकॉर्डिंग झालं. आता यंत्रावर आठही ट्रॅक एकदम वाजवले की पहिला धक्का बसतो: प्रत्येक ट्रॅक आपापला ठीक दिसतोय, पण मास्टरचा, म्हणजे सगळ्यांच्या बेरजेचा, मीटर लाल होतोय. का? आवाज एकत्र आले की त्यांची बेरीज होते. एकसारखे दोन सिग्नल एकत्र आले तर पातळी सहा डेसिबलने वाढते. वेगवेगळे दोन आवाज असतील तर सरासरी तीनने. आठ वेगवेगळे आवाज सारख्याच पातळीवर ठेवले तर नऊने. ही झाली सरासरी. खरी परीक्षा समेवर असते. तबला, डग्गा, पखवाज आणि टाळ हे चौघं एरवी आपापल्या बोलांत मागे-पुढे असतात, पण समेवर चौघांचा आघात एकदम येतो. प्रत्येकाचा आघात उणे बाराला असेल आणि चारही लाटांचे माथे जुळून आले तर बेरीज थेट शून्यावर पोचते. म्हणजे छत गाठलं, आणि गायिकेला अजून जागाच दिलेली नाही. माथे इतके तंतोतंत क्वचितच जुळतात, पण मीटर समेलाच लाल का होतो त्याचं कारण हेच.

यावर एकच उपाय मला पटतो. सगळे फेडर पूर्ण खाली घ्या. आधी फक्त गायिका वर आणा आणि मास्टरवर ती उणे बारा ते उणे दहाच्या दरम्यान ठेवा. आता तिला हात लावायचा नाही. मग तानपुरा, अगदी जाणवेल न जाणवेल इतका. मग पेटी, मग ठेका, शेवटी टाळ. कोणी ऐकू येत नाही असं वाटलं तर त्याला वर घेण्याआधी त्याला झाकणारा कोण आहे तो शोधा आणि त्याला खाली घ्या. सगळ्यांना थोडं थोडं वर घेत गेलं की पंधरा मिनिटांत आठही फेडर माथ्याला जातात आणि मिक्स होता तिथेच राहतो.

डावं-उजवं पॅनच्या बटणाने ठरतं. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन गोष्टींवरून कळतं: कोणत्या कानात तो मोठा आहे आणि कोणत्या कानात आधी पोचला. पॅन त्यातली फक्त पहिली वापरतो, एका बाजूला जास्त पाठवतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. मधोमध असलेला ट्रॅक दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून तो उगाच मोठा वाटू नये यासाठी बरीच यंत्रं मधल्या जागेवर सुमारे तीन डेसिबल कमी करतात. त्यामुळे पॅन फिरवला की ट्रॅकचा आवाज किंचित बदलल्यासारखा वाटतो. आधी पॅन ठरवा, मग फेडर पुन्हा एकदा जुळवा.

कोणाला कुठे बसवायचं यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही, मैफलीत बसतात तसंच बसवा. रिवाजाप्रमाणे तबला गायकाच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या हाताला. श्रोत्याच्या बाजूने बघितलं तर तबला डावीकडे, पेटी उजवीकडे. पॅनचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं धरलं तर डावीकडे दहावर तबला, उजवीकडे दोनवर पेटी. गायिका बरोबर मध्ये. डग्गा आणि पखवाजाची कणीक लावलेली धुमाची बाजू यांचा घुमारा मात्र मध्याच्या जवळ ठेवा. खालच्या आवाजाची दिशा कानाला तशी कमीच कळते, आणि वजन एका बाजूला गेलं तर सगळा मिक्स तिकडे कलल्यासारखा वाटतो. दोन तानपुरे असतील तर एक पार डावीकडे आणि एक पार उजवीकडे, मध्ये गायिका. गाणं तानपुऱ्यांच्या आत उभं राहतं. हे पहिल्यांदा हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा येतो. की-बोर्ड असेल आणि त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही वायरी घेतल्या असतील तर ते दोन ट्रॅक दोन टोकांना टाका. दोन्ही मध्येच राहिले तर दोन इनपुट खर्चून मोनोच, म्हणजे डावं-उजवं नसलेला एकच आवाज, मिळतो.

पॅनने जागा मिळाली तरी पेटी आणि गळा यांचं भांडण उरतंच, कारण पेटी गाणाऱ्याच्या मागोमाग तेच स्वर त्याच सप्तकात वाजवते. इथे ईक्यू, म्हणजे आवाजातला ठरावीक पट्टा (बँड) कमी-जास्त करणारी सोय, लागतो. गायिकेचा सा काळी चारचा असेल तर तो सुमारे २०८ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २०८ कंपनांवर, आहे, पण शब्द कळतात ते तिथे नव्हे. व्यंजनांची धार दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि पेटीच्या सुरांची किनारही नेमकी तिथेच तिखट असते. पेटीचा मधला बँड अडीच किलोहर्ट्झला लावून दोन-तीन डेसिबल कमी करा. एकटी पेटी ऐकली तर जरा मऊ वाटेल, वाटू द्या. सगळ्यांबरोबर ऐका, ‘विठ्ठल’मधला ठ मोकळा झालेला असेल.

लो-कट म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकणारी चाळण. पंख्याची घुरघुर, स्टेजवरच्या पावलांचे दणके, लांबच्या जनरेटरचा गुरगुराट हे सगळं तिथे राहतं आणि आठ ट्रॅकमधून आठ पट जमतं. गायिकेला शंभर हर्ट्झला लावा, टाळेला तीनशेलाही चालेल. डग्ग्याला आणि पखवाजाला लावू नका, त्यांचा जीवच तिथे आहे. तानपुऱ्याचं मात्र गाणाऱ्याप्रमाणे ठरवा. पुरुष गायकाचा सा काळी एकचा असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला बोलते. तिथे सवयीने ऐंशीचा लो-कट लावला तर खर्जाचा पायाच कापला जातो. कान वरच्या स्वरांशांवरून तो स्वर ओळखतो खरा, पण भरीवपणा जातो.

कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा देणारा) यांच्यावर फार वेळ घालवू नका. गळ्याला हलका कंप्रेसर, तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त दाबणारा नको, नाहीतर मींड आणि आलापातला चढ-उतारच सपाट होतो. रिव्हर्ब सगळ्यांना मिळून एकच, म्हणजे सगळे एकाच सभामंडपात बसल्यासारखे वाटतात.

मोनोची तपासणी मात्र कधीही टाळू नका. आपण हेडफोन लावून दोन तानपुऱ्यांच्या मध्ये गायिका बसवतो, पण ऐकणारे ऐकतात कशावर? मोबाइलच्या एका छोट्या स्पीकरवर, एक कान लावलेल्या इअरफोनवर आणि मंदिरावरच्या कर्ण्यावर. कर्णा मोनोच असतो. डावं-उजवं एकत्र आल्यावर काही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. तबल्याला दोन माइक लावले आणि एक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब असेल, तर ध्वनी तेवढं अंतर कापायला एक मिलिसेकंद घेतो. तेवढ्या उशिराने ५०० हर्ट्झच्या लाटा एकमेकींच्या बरोबर उलट्या पडतात आणि तबला पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. स्टिरिओत हे लपतं, मोनोत उघडं पडतं. यंत्रावर मोनोचं बटण नसेल तर सगळे पॅन क्षणभर मध्ये आणून ऐका. पोकळ वाटला तर एका ट्रॅकचा फेज उलटा करून, म्हणजे त्याची लाट वरची खाली करून, बघा, नाहीतर दोन माइकपैकी एक खाली घ्या. पुढच्या वेळी दोन माइकमधलं अंतर, माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा.

सगळं जुळलं की मिक्सडाउन. रेकॉर्डरवर ते वाजत्या वेळेतच होतं: गाणं वाजत राहतं आणि यंत्र ते मास्टर ट्रॅकवर उतरवत जातं. या वेळात हात बांधून बसू नका. दोन चरणांच्या मध्ये पेटी एकटी वाजते तेव्हा तिचा फेडर दोन डेसिबल वर न्या, गायिकेने ओळ उचलली की परत खाली. गजर सुरू व्हायच्या आधी टाळ किंचित खाली घ्या, म्हणजे गजर चढायला जागा राहते. त्यासाठी गाणं पाठ हवं, आणि म्हणूनच मंडळाचं मिक्सिंग मंडळातल्याच कोणी करावं असं मला मनापासून वाटतं. बाहेरच्या तंत्रज्ञाला बटणं जास्त कळतील, पण अभंगाचा कोणता शब्द पुढे यायला हवा ते मंडळातल्या माणसाला कळतं.

मास्टरचा सर्वांत मोठा आवाज उणे एकच्या वर जाऊ देऊ नका, कारण फाइल नंतर एमपीथ्री झाली किंवा यूट्यूबवर गेली की माथे थोडे वर सरकतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी होते. तिच्याबरोबर मंदिरासाठी एक मोनो फाइल वेगळी काढून द्या, त्यात गायिका आणखी एखादा डेसिबल वर ठेवून. आणि सुटे आठही ट्रॅक कार्डवरून लॅपटॉपवर आणि शिवाय एका पेन ड्राइव्हवर उतरवा. प्रत्येक ट्रॅकच्या नावात वाद्य, गाव आणि तारीख लिहा, आणि दोन्हीकडच्या फाइल वाजवून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.